बिनधवल्याचं लगीन

आमच्या गावात माझ्या आईशिवाय लग्न लागत नसे. भटजी पेणहून यायचे, मंगलाष्टकं म्हणून जेवून जायचे. पण त्यांच्या आधी आणि त्यांच्या नंतर मांडव आईच्या ताब्यात असायचा. ती धवलारीण होती. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरीला वाटेला लावण्यापर्यंत आम्हा आगऱ्यांत प्रत्येक विधीचं एक गाणं असतं. त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी बाई ती धवलारीण. आई आणि तिची सोबतीण मांडवात पाटावर शेजारी शेजारी बसायच्या. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती संपायच्या आत उचलायची. ढोलकी नाही, पेटी नाही, नुसता आवाज. मी लहान असताना आईच्या मांडीला टेकून तिथंच झोपायची आणि झोपेतही मला कळायचं की आता तेल चढतंय, आता हळद आली. नवरीची आई ज्या ओळीला रडायची ती ओळ यायच्या आधी आई थोडी थांबायची. त्या थांबण्यात सगळा मांडव गप्प व्हायचा. पुढं मी माइकसमोर उभी राहायला लागले तेव्हा हे थांबणं मला कोणी शिकवावं लागलं नाही.

घर आमचं पेणच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, खारेपाटात. बाबा तरुणपणी मिठागरावर होते. मिठागरं बंद पडत गेली तशी त्यांनी रिक्षा घेतली आणि गाव ते पेण अशा फेऱ्या मारायला लागले. त्यांच्या टाचांच्या भेगा मात्र मिठानं पडलेल्या, त्या शेवटपर्यंत भरल्या नाहीत. सकाळी आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची, त्या थापण्याच्या आवाजानं मला जाग यायची. ओहोटीला बाबा खाडीत उतरून चिंबोऱ्या आणत, नाहीतर सुकट चुलीत भाजून कांद्याबरोबर. शेजारी पांडूकाका. बाबा आणि ते एकाच मिठागरावर वाढलेले, त्यामुळे चिंबोऱ्या आल्या की अर्ध्या त्यांच्या घरी जायच्या आणि त्यांच्याकडचं वालाचं बिरडं आमच्याकडे यायचं. दोन्ही घरांच्या मध्ये कुंपण कधी घातलंच नव्हतं.

रॅप मी फोनवर ऐकून शिकले, कॉलेजला जाता-येता बाबांच्या रिक्षात मागं बसून. नाव घेतलं 'खारी'. खाऱ्या पाण्याची म्हणून. बाबांनी विचारलं, "चायबरोबर खातात ती काय गो?" आणि महिनाभर सगळ्या प्रवाशांना तेच सांगत सुटले. आईनं पहिल्यांदा माझं गाणं ऐकलं तेव्हा ती खाडीतले निवटे मासे साफ करत बसली होती. "ह्या तं नुसता बोलना हाय," ती म्हणाली. "सूर कुठं हाय?" मग थोड्या वेळानं, मान वर न करता, "पन दम बरोबर घेतेस." त्यानंतर मला मिळालेली कुठलीच दाद मला एवढी लक्षात नाही.

जितू मला कॉलेजच्या गॅदरिंगला भेटला. तो रोह्याचा. दिवसा किंवा रात्री, जशी शिफ्ट लागेल तसा कंपनीत, आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवायला. त्याच्या घराच्या माळ्यावर त्यानं भिंतींना जुन्या गाद्या लावून रेकॉर्डिंगची खोली केली होती. मी पेणहून दुपारची गाडी धरून रोह्याला जायची. पंखा लावला तर आवाज येतो म्हणून तो बंद ठेवायचा. आम्ही घामानं निथळत गायचो आणि त्याची आई दर थोड्या वेळानं खालून हाक मारून सरबत आणून द्यायची. जितूचं म्हणणं होतं की एकेक गाणं सोडत जाऊ, आपल्यासारख्यांचा अख्खा अल्बम कोण ऐकतो. ते बरोबरच होतं. पण मला अल्बमच करायचा होता. धवले एकेकटे नसतात, त्यांना क्रम असतो. मेढीशिवाय तेल नाही, तेलाशिवाय हळद नाही. तसाच मला एका पोरीच्या लग्नाचा अल्बम करायचा होता, मांडवापासून वरातीपर्यंत. प्रत्येक गाण्यात ती पोर मनातल्या मनात जे बोलते ते. हे सांगितल्यावर जितूनं पंखा लावला, बराच वेळ त्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "चल, करू."

अल्बममधलं लग्नाच्या दिवसाचं गाणं मात्र मला जमत नव्हतं. ते मला रसिकानं दिलं. रसिका माझ्या वर्गातली, आमच्याच गावची. आम्ही शाळेत असताना गावात एक मारामारी झाली होती आणि तिच्या बापानं पोलिसांना जे पाहिलं ते सांगितलं होतं. गावकीच्या मोठ्या घरातला पोरगा त्यात अडकला. गावकीनं बैठक घेऊन रसिकाच्या घराला वाळीत टाकलं. त्या घराशी बोलायचं नाही, दुकानानं माल द्यायचा नाही, लग्नाला-मयताला जायचं नाही. जो जाईल त्याला तीच शिक्षा. शाळेत मी तिच्याशी बोलायची, गावात नाही. पुढं तिचं लग्न ठरलं तेव्हाही हा बहिष्कार उठलेला नव्हता. लग्न गावातच झालं, आणि आई गेली नाही. त्यानंतर ती माणसं गाव सोडून गेली. काही वर्षांनी रोह्याच्या बाजारात रसिका अचानक समोर आली. तिचं सासर तिथलंच. कडेवर मूल होतं. तिनं मला घरी नेलं, पोहे केले आणि मी न विचारता त्या दिवसाचं सांगितलं. मांडवात तिच्या आईनं धवलारणीसाठी पाट मांडून ठेवले होते. मुहूर्त होईपर्यंत ती माउली रस्त्याकडे बघत होती. भटजींनी लग्न लावलं. नवऱ्याकडच्या बायका विचारत राहिल्या, तुमच्याकडे धवला नाय काय? "आयस मरेपर्यंत बोलायची," रसिका म्हणाली, "माझ्या पोरीचा लगीन अर्धाच झाला."

मी तिला विचारलं, ह्याचं गाणं करू का? ती पोराला भरवत होती. "कर. माझा नाव नको घालू."

ते गाणं मी गाडीतच लिहायला घेतलं आणि नागोठणं यायच्या आत त्याचा मुखडा झाला. 'बिनधवल्याचं लगीन'. त्यात कुणाचं नाव नव्हतं, गावाचंसुद्धा नाही. गावकी होती, रिकामे पाट होते, रस्त्याकडे बघणारी आई होती आणि न आलेली धवलारीण होती. रेकॉर्ड झाल्यावर मी ते आईला ऐकवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि पदर खोचून मोरीवर भांडी घासायला गेली.   अल्बमच्या आधी लोकांच्या कानावर काहीतरी पडावं म्हणून आम्ही हेच गाणं पुढं सोडलं.

आमच्या मानानं ते पुष्कळ पसरलं. पेण-अलिबागच्या पोरांच्या फोनवर गेलं आणि तिथून आमच्या गावात आलं. नाव नसलं तरी गाव आपलं तोंड ओळखतं. देवळात बैठक बसली. धर्मानाना म्हणून गावकीचे मुख्य पंच होते. मला लहानपणी त्यांनी खांद्यावर बसवून पालखी दाखवलेली. ते बाबांना म्हणाले, "हरिश्चंद्र, पोरीला सांग, गाना काढ आनि देवासमोर नारल ठेव. गावाची अब्रू हाय." बाबा घरी आले आणि माझ्यासमोर बसले. "काढून टाक ना बाय," ते म्हणाले. "बाकीची गानी हायत ना तुझी." मी म्हटलं, बाबा, ह्याच्याशिवाय ते लग्नच नाही. त्यांना ते कळलं नाही, पण पुन्हा त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढच्या बैठकीनंतर देवळाच्या स्पीकरवरून आमच्या घराचं नाव पुकारलं गेलं. जो आवाज एरवी नळाला पाणी कधी येणार ते सांगायचा, त्याच आवाजात.

वाळीत पडणं म्हणजे काय हे मी गाण्यात लिहिलं होतं, पण मला माहीत नव्हतं. पहिले काही दिवस तर ते मला आव्हानासारखं वाटलं. मग हळूहळू कळायला लागलं की गावात दिवसभर आपलं नाव किती वेळा घेतलं जातं, कारण आता ते कोणीच घेत नव्हतं. आई विहिरीवर गेली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. भांडायच्या नाहीत, टोमणे मारायच्या नाहीत, नुसत्या बाजूला व्हायच्या. चक्कीवाल्यानं दळण परत केलं, म्हणून बाबा शेजारच्या गडब गावी जाऊन दळून आणत. रिक्षात गावचा माणूस बसेना. हायवेवर उभं राहून परगावचं कोणी मिळतंय का बघत ते उन्हात थांबायचे. लग्नसराई आली. आईच्या सोबतिणीनं दुसऱ्या एका बाईला शेजारच्या पाटावर घेतलं आणि संध्याकाळी वाऱ्यावर मांडवातले धवले आमच्या ओटीपर्यंत यायचे. ती नवी बाई ओळी चुकवायची. आई तांदूळ निवडत असायची. ओळ चुकली की तिचा हात सुपात थांबायचा, मग पुन्हा चालायचा. जितू म्हणाला, ह्याच्याविरुद्ध कायदा आहे. आम्ही दोघं जाऊन पोलिसांत तक्रार देऊन आलो. तक्रार घेतली गेली, पंचांना बोलावणं गेलं, आणि गाव आणखी घट्ट झालं.

बाबांच्या छातीत दुखायला लागलं ते दुपारी, जेवण होऊन ते ओटीवर टेकले होते तेव्हा. घामानं बनियन अंगाला चिकटलं. मला रिक्षा चालवता येत नव्हती. पांडूकाकांची व्हॅन अंगणात उभी होती. आई अनवाणी त्यांच्या दारात गेली. मला इथून सगळं दिसत होतं. "पांडूभावजी, गाडी काढा," ती म्हणाली. "ह्यांना बरा नाय." काका दारात आले. त्यांनी आमच्या ओटीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, मग रस्त्याकडे, जिथं दोन माणसं उभी होती. आणि आत गेले. आई तिथंच उभी राहिली. ते बाहेर आले नाहीत. तेवढ्यात बाबा खांबाला धरून उठले. "चला," ते म्हणाले, "मीच चालवतो."

त्यांनी स्वतः रिक्षा चालवली. मी मागून त्यांचे खांदे धरले होते, आई त्यांची पाठ चोळत होती आणि सारखं म्हणत होती, हलू घ्या, हलू घ्या. हायवेच्या वळणापर्यंत ते गेले. तिथं त्यांनी रिक्षा नीट कडेला घेतली, बंद केली आणि हँडलवर डोकं ठेवलं. एका ट्रकवाल्यानं आम्हाला पेणच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

त्यांना गावात परत न्यायचं नाही, असं आईच म्हणाली. खांदा द्यायला कोण येणार होतं? पेणच्याच स्मशानात नेलं. जितूला फोन केला तेव्हा तो कामावर होता. तो आणि बेंजो पार्टीतली पोरं शिफ्ट अर्धी टाकून रोह्याहून मोटारसायकलींवर आली, अंगावर कंपनीचे निळे कपडे तसेच. त्यांनीच लाकडं लावली, त्यांनीच खांदा दिला. एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, बाबांचं नाव काय?" आज एवढ्या वर्षांनी, केस पिकल्यावरही, बाबांच्या मरणाचं मला जे सहन होत नाही ते हे. ज्यांनी त्यांना खांदा दिला त्यांना त्यांचं नाव माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ती माणसं घरात बसली होती.

तेरावं झाल्यावर धर्मानाना आणि आणखी एक पंच आले. अंगणात पाय न ठेवता रस्त्यावरच उभे राहिले. नाना खरोखरच दुःखी दिसत होते. "झाला तो वाईट झाला," ते आईला म्हणाले. "आता तानू नका. पोरीनं तो गाना काढला की सगला मिटला. लगनाला तूच लागतेस गो, ती नवी बाय काय कामाची नाय." आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांत माणसं होती. मी पुढं होणार तोच आई ओटीवरून उतरली.

"गाना तिचा हाय, तिला विचारा," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण धवला गाणाऱ्या बाईचा आवाज तसाही लांब जातो. "पन त्या गान्यान हाय ती धवलारीन मी. त्या पोरीच्या मांडवान पाट मांडलेले आनि मी गेली नाय. तुमाला भ्यायली. ह्या खोटा असेल तं आता बोला, मी सोता तिला काढायला सांगते."

 दुसऱ्या पंचानं घसा साफ केला. मग दोघं गेले. खिडक्या मिटल्या नाहीत, कोणी बाहेरही आलं नाही. मला वाटलं होतं की आता कोणीतरी येईल. संध्याकाळपर्यंत मी वाट बघितली.

पावसाळ्याआधी आम्ही घराला कुलूप लावून पेणला भाड्याच्या खोलीत आलो. आई हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाऊ लागली. आधी नुसते पाट रंगवायची, मग तिच्या हाताची स्थिरता बघून मालकानं पितांबराचे काठ दिले. मी सकाळी एका दुकानात काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी रोह्याला जाऊन अल्बम पुरा करायची. वरातीचं गाणं बाबा गेल्यानंतर रेकॉर्ड केलं. ते वरातीचं वाटत नाही असं जितू म्हणाला. मी म्हटलं, असू दे.

अल्बम सोडायच्या आदल्या दिवशी मला पेणच्या बाजारात पांडूकाका दिसले. सुक्या मासळीवाल्या बायकांच्या रांगेत, हातात रिकामी पिशवी. मी वळणार होते, पण त्यांनी हाक मारली. गाव सोडल्यावर गावच्या माणसाच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. "प्रणाली," ते म्हणाले. "मी चावी घ्यायला आत गेलेलो गो. चावी हातान होती माझ्या." त्यांचा हात तसाच मिटलेला होता.  तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आई वाट बघत होती काका." आणि निघून आले.

तिथून मी थेट हमरापूरला गेले. कारखान्यात सगळीकडे न रंगवलेल्या मूर्ती, पांढऱ्याशुभ्र, आणि त्यांच्या मध्ये आई जमिनीवर बसून एका काठावर सोनेरी रेघ ओढत होती. मी तिला काका काय म्हणाले ते सांगितलं. मला वाटलं, ती रागावेल. तिनं रेघ पुरी केली.

"खरा असेल," ती म्हणाली. "मी पन गायलेली."

"कधी?"

"रसिकाच्या लगनादिवशी. घरान, चुलीसमोर बसून. तू पेनला गेलेलीस. मेढीपासून वाटं लावंपर्यंत सगला गायली, हलू आवाजान, दोन्ही जनींच्या ओली मीच. पोरीचा लगीन अडकू नये म्हनून."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मग म्हटलं, "आई, मग माझं गाणं चुकलं. धवला झालाच नाही असं आहे त्यात. अल्बम अजून सोडला नाही, त्यात तरी जितूला सांगून बदलते."

तिनं ब्रश पाण्यात बुडवला. "त्या मांडवान कोनाला ऐकू गेला?"

"कोणालाच नाही."

"मग तसाच ठेव," ती म्हणाली आणि दुसरी मूर्ती पुढं ओढली.

दुसऱ्या दिवशी जितूच्या माळ्यावरून आम्ही अल्बम सोडला. त्याच्या आईनं शिरा केला होता. फार लोकांनी ऐकला असं नाही. तेच एक गाणं पुष्कळांनी ऐकलं, बाकीची थोड्यांनी, आणि क्रमानं सगळी ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके. पंचांवरच्या केसच्या तारखा पुढं बरीच वर्षं पडत राहिल्या आणि शेवटी सगळे दमल्यावर ती समजुतीनं मिटली. आम्ही गावात राहायला परत गेलो नाही. आई पुन्हा कुठल्या मांडवात बसली नाही. बोलावणी आली होती.

अल्बम सोडला त्या संध्याकाळी मी रसिकाच्या घरी गेले होते. तिनं पोराला शेजारी दिलं, फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सगळं ऐकलं, मध्ये एकदाही न उठता. तिचं गाणं आलं तेव्हा ती जमिनीकडे बघत होती. सगळं संपल्यावर तिनं विचारलं, "काकूनं ऐकला ह्यो?"

"व्हय."

"काय बोलली?"

"बोलली, तसाच ठेव."

रसिका उठली, चहाचं आधण ठेवलं. माझ्याकडे पाठ करून ती गॅसपाशी उभी होती, चहा उकळून वर येईपर्यंत.

"बरा झाला," ती म्हणाली.